पेंदाम सरांचा शिळा सामना

पेंदाम सर ताजा सामना कधी पाहत नसत. टीव्हीवर साऱ्या जगाची फायनल चालू असायची, आमच्या गावचे पोट्टे पानठेल्यापुढे एकमेकांच्या खांद्यावर चढून ती पाहत असायचे, आणि फुटबॉलसाठीच जन्माला आलेला हा माणूस घरात कानाला दुपट्टा गुंडाळून तांदूळ निवडत बसायचा. निकाल कानावर पडू नये म्हणून! दुसऱ्या दिवशी कोणी नुसतं "सर, काल..." म्हणायला तोंड उघडलं की सरांच्या हातात जे असेल ते सुटायचं. त्यांच्या-माझ्या घरात तुराट्यांचं एक कुंपण तेवढं होतं, त्यामुळे त्यांचा नेम मला चांगला ठाऊक आहे. एकदा मी तांब्या खाल्ला आहे, एकदा अर्धा भोपळा. शिजवलेला नव्हे.

"ताज्या भातानं तोंड पोळते," सर म्हणायचे. "चव शिळ्याची समजते. सामना बी तसाच. निवू द्या, मंग पाहा."

सामना निवला की कोणीतरी तो पेनड्राइव्हमध्ये भरून आणून द्यायचा. सर त्याला शेवटपर्यंत 'कॅसेट'च म्हणत. मग ते आणि त्यांचा रिमोट. त्या रिमोटवर बटणं म्हणून जी होती ती सगळी नवी कोरी होती, फक्त मागे नेणारं बटण झिजून तिथं बोट जाईल एवढा खड्डा पडला होता. माझं मत विचाराल तर त्या खड्ड्यात चिमणी अंडी घालू शकली असती. खेळाडू चेंडू घेऊन धावला की सर म्हणायचे, "मांगं घे." म्हणजे मागे घे. हुकूम द्यायचे स्वतःच आणि पाळायचेही स्वतःच. खेळाडू मागे यायचा, पुन्हा धावायचा. पुन्हा "मांगं घे." एक परदेशी गडी असा दिवसभर धावून शेवटी टीव्हीतच लंगडायला लागलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. आणि हरलेला एक संघ फार वेळा मागे घेतल्यामुळे एका दुपारी चक्क जिंकला होता. इंदूबाईंना विचारा.

इंदूबाई म्हणजे सरांच्या मंडळी. त्यांची तक्रार लग्नाच्याही आधीची होती. "मले पाहाले आले न, तवा चहा घेऊन दोनदा बाहेर यावं लागलं," त्या सांगायच्या. "म्हने पयल्यांदा चाल नीट दिसली नाई."

सर आश्रमशाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. सागाच्या रोपट्यासारखे सरळ आणि तितकेच बारीक. वारा सुटला की आम्ही त्यांना आत बोलवायचो. गळ्यात शिट्टी कायम. तिच्यातला दाणा कधीच हरवला होता, त्यामुळे ती फुंकली की फक्त 'फुस्स' व्हायचं. पण त्या फुस्स आवाजाला सारं गाव थांबायचं. बैलबंड्यासुद्धा.

उन्हाळ्यात अंगणात मोहफुलं वाळत घातली की सरांना मैदान दिसायचं. वाळवणातली मोहफुलं बोटानं सरकवून ते बचाव मांडायचे, वर मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, लावून समोरचा संघ. मला कुंपणावरून ओढून घ्यायचे आणि समजावत बसायचे. मागून इंदूबाईंचा आवाज यायचा, "अवो, तुमचा लेफ्ट बॅक बकरीनं खाल्ला!"

"मांगं घे," सर बकरीला म्हणायचे.

सरांना वाटायचं, डोळ्यांनी दिसतो तो नुसता गोंधळ. सामना दिसतो तो कॅसेटमध्ये. आणि हे खरं असल्याची खात्री मला वाघाच्या सामन्यात पटली. आमचं मैदान म्हणजे धान कापून मोकळी झालेली बांधी, आणि तिच्या पलीकडे लगेच जंगल. त्या वर्षी आमचा लेफ्ट बॅक ऐन सामन्यात जागा सोडून कुठंतरी गेला आणि गोल झाला. सरांनी त्या पोराला पुढे कित्येक महिने सोडलं नाही. लग्नात, तेरवीत, रांगेत, दिसला की "जागा काऊन सोडली बे?" पोरगं बिचारं खाली मान घालून, "चुकलं जी." वाघ पाहून पळालो म्हणायची त्याला लाज वाटत होती, हे आम्हाला काय ठाऊक!

एका दुपारी सर त्याच सामन्याची कॅसेट पाहत होते आणि मी शेजारी शेंगा फोडत होतो. एकाएकी माझी शेंग हातातच राहिली. पलीकडच्या गोलाच्या मागून, बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पिवळा जर्द ऐवज आरामात चालत चालला होता.

"सर! वाघ!"

"असन. लेफ्ट बॅक कुठी आहे ते पाह्य."

"सर, वाघ आहे जी! हा पाहा, धुऱ्यावर!"

"अबे, वाघ आपल्या जागेवर आहे. लेफ्ट बॅक नाई." मग सर थबकले. मागे घेतलं. पुन्हा पाहिलं. वाघ धुऱ्यावर येतो आणि लेफ्ट बॅक मैदान सोडतो, दोन्ही एकाच क्षणी. सर तसेच उठले, अनवाणी त्या पोराच्या घरी गेले आणि भर ओसरीत म्हणाले, "जागा बरोबर सोडली रे बापा." त्या पोराचा चेहरा असा खुलला की त्या वाघानं तो तेव्हा पाहिला असता तर त्यानंही पंजा पुढे केला असता.

हा वाघ मोठा होता की फार मोठा, याबद्दल गावात मतभेद आहेत. मी फार मोठा या पक्षात आहे.

पण सरांची खरी कॅसेट पुढेच होती.

आमच्या कॅसेटी काढायचा संजू शूटिंगवाला. गोंडपिपरीला त्याचं दुकान. मुळात तो लग्नं काढणारा, आणि हाडामासात लग्न भिनलेलं. सामना काढतानाही कॅमेरा कोणाच्या पातळावर, कोणाच्या ताटावर, कोण पाहुणा रुसला तिकडे वळायचा. दोन्ही कप्तान नाणेफेकीला हात मिळवत असले की त्यांच्याभोवती गुलाबी बदाम फिरायचा. गोल झाला की फुलं पडायची. आणि सगळ्या सामन्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई! आमचा धिप्पाड सेंटर हाफ सनईच्या सुरावर अंतरपाटाकडे निघालेल्या नवरीसारखा संथ धावायचा. सर कपाळाला हात लावत, पण पर्याय नव्हता. आसपास कॅमेरा तोच एक.

मंडईच्या जत्रेतली फायनल होती. समोर नदीपलीकडचा, चामोर्शीकडचा संघ. आमच्या गोलात मंगेश. पाच हातांचा तरणाबांड गडी, सरांनी लहानपणापासून घडवलेला. सरांनी "झोप" म्हटलं तर चिखलात झोपणारा. त्याची बायको सुनीता नेमकी समोरच्या संघाच्या गावची. म्हणजे मंगेश समोरच्यांचा जावई. सामन्याआधीच चेष्टा चालली होती, "जावयबापू, साळ्याले एक तरी गोल करू द्याजा!" सासरे कवडूजी जावयाच्या गोलामागेच येऊन उभे राहिले होते. त्यांच्या शेजारी, खांबाला चिकटून, आमचे पेंदाम सर.

बरोबरी चालली होती, सामना संपत आला होता. मंगेशच्या साळ्यानं, म्हणजे सुनीताच्या भावानं, लांबून लाथ घातली. चेंडू खांबाकडे निघाला. मंगेशनं झेप घेतली, हात लांब केले, बोटं चेंडूला लागणार, आणि त्यानं हात मागे घेतले. चेंडू धसकटावर उडाला, खांबाला आतून लागला आणि ओळखीच्या घरात शिरावा तसा आत गेला. आम्ही हरलो.

एवढ्यावरही भागलं असतं. पण जावई सासऱ्यांच्या पाया पडला, आणि जावयाला रिकाम्या हातानं धाडायचं म्हणजे नदीपलीकडे मोठं पाप. कवडूजींनी गमछ्याखालून एक लालबुंद कोंबडा काढला आणि हरलेल्या साऱ्या गावादेखत मंगेशच्या कुशीत दिला. काय तो कोंबडा! लहान वासराएवढा असेल. आणि त्यानं वेळ साधून बांगही दिली.

दिवे लागायच्या आत गावात बातमी झाली: मंगेशनं कोंबड्यावर फायनल विकली.

पुढचे दिवस वाईट गेले. बोरिंगवर बाया सुनीताला विचारत, "का व, रस्सा कसा झाला?" कोंबडा तर अंगणात जिवंत फिरत होता, पण ऐकतं कोण. मंगेश येताना दिसला की पोट्टे कुकूचकू करत. मंगेशनं हातमोजे घराच्या कवेलूवर फेकून दिले. मग ऐकलं, दोघं बाजाराच्या दिवशी गोंडपिपरीहून जीपनं तेलंगणात मिरची तोडायला निघणार. मिरचीला आमच्याकडचे पुष्कळ जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. पण मंगेश आईजवळ बोलला होता, आता या गावात यायचं नाही, मिरची संपली की सरळ नदीपलीकडे. घरजावई! त्याच्या म्हाताऱ्या आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही.

सरांनी मंगेशला रस्त्यात गाठलं होतं. मी सोबत होतो.

"हात मांगं काऊन घेतले बे?"

मंगेशनं सरांकडे एकदा पाहिलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. "चुकलं जी."

सर तडक घरी आले. मग म्हणाले, "हे पोरगं चुकते तवा पुढे चुकते. मांगं नाई चुकत. कॅसेट पाहू."

कॅसेट साऱ्या गावानं पाहिली होती, आणि तिनंच मंगेशचा घात केला होता. कारण ऐन गोलाच्या क्षणी संजूच्या अंगातलं लग्न जागं झालं. जावई आणि सासरा एका चौकटीत सापडतात म्हटल्यावर त्यानं चेंडू सोडला आणि कॅमेरा कवडूजींच्या चेहऱ्यावर नेला. गोल कॅसेटमध्ये नव्हताच. होते ते हसणारे कवडूजी, वरून फुलं आणि सनई. "पाहा, सासरा कसा हासून राह्यला," गाव म्हणालं आणि खटला निकालात निघाला.

सरांनी ती कॅसेट लावली. मांगं घे. कवडूजी हसले. मांगं घे. कवडूजी हसले. दुपारपर्यंत कवडूजींचे इतके दात दिसले की सरांनी त्यातला किडका कोणता तेही सांगितलं असतं. चहा आला, निवला, इंदूबाईंनी तो परत नेला. मग सर टीव्हीजवळ सरकले. बोट कवडूजींवरून शेजारी नेलं. तिथं खांबाला चिकटून एक बारीक माणूस मान उंच करून, डोळे फाडून, मोठा आ वासून उभा होता.

"हा कोन?"

"तुमीच जी, सर."

"मी का म्हनून राह्यलो?"

कसं कळणार? सनई वाजत होती. सर सनईच्या सुरात गात आहेत असंच वाटत होतं. मांगं घे. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. इंदूबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी या तोंडाशी सारा संसार केला होता. एकदाच पाहून त्या हळूच म्हणाल्या, "तुमी ओरडून राह्यले."

सरांनी रिमोट खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तो आपण होऊन खाली ठेवलेला मी पाहिला नव्हता. "मले वाटे मी मनातल्या मनात म्हनलं," ते म्हणाले. काय म्हणलं, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार. म्हणजे मंगेशची जीप. पहिल्या काळीपिवळी टॅक्सीनं सर आणि मी गोंडपिपरीला गेलो. संजू नुकतं शटर वर करत होता.

"सनई काढ," सर म्हणाले.

"सर, सनई तर चिकटली जी आता. असली शूटिंग कार्डात राह्यते, आन कार्ड तर मी परवाच्या लग्नाले..."

सरांनी भिंतीला हात टेकला. मी स्वतः सरांकडे पाहायचं टाळलं.

"...नेलं होतं," संजू पुढे म्हणाला, "पन नवरदेवाचे मामाजी रुसून बसले न, त्यायनं शूटिंगच करू देल्ली नाई."

त्या रुसलेल्या मामाला देव शंभर वर्षं आयुष्य देवो आणि रोज नवीन रुसवा देवो! कार्ड जसंच्या तसं होतं. संजूच्या दुकानातला टीव्ही रस्त्याकडे तोंड करून, बाजाराला लग्नं दाखवायला. त्यानं कार्ड त्यालाच लावलं. सनई गेली होती. ढोल, शिट्ट्या, लोकांचा कल्ला; मग साळ्याची लाथ, कॅमेऱ्याची गरकन उडी, कवडूजी, आणि त्यांच्या शेजारून कावळ्यानं घसा फाडावा तसा एक आवाज:

"सोड मंग्या! बाहेर चालला! सोड!"

संजूचा हात आपोआप बटणाकडे गेला. "बंद करू का जी?"

रस्त्यात अजून आमचं कोणीच नव्हतं. दुकानात आम्ही तिघं. सर त्या टीव्हीकडे पाहत राहिले. ज्यानं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका मागे घेऊन घेऊन पाहिल्या, त्याची स्वतःची चूक पहिल्यांदाच कॅसेटमध्ये आली होती. मग ते म्हणाले, "मांगं घे. आन आवाज वाढव."

बाजार भरत गेला. आमच्या गावचा माणूस दिसला की सर बाहेर येऊन शिट्टी फुंकत, फुस्स, आणि माणूस थांबे. "पाहा," सर म्हणत. "मांगं घे संजू." टीव्हीतून सर ओरडत, "सोड मंग्या!" आणि टीव्हीबाहेरचे सर म्हणत, "तो मी होय. पोरगं धरत होतं. मी सोड म्हनलं." भाजीवाल्या आल्या, बोरिंगवरच्या बाया आल्या, कुकूचकू करणारे पोट्टे आले. गर्दी इतकी झाली की पोंभुर्ण्याची बस अडकली आणि ड्रायव्हर उतरून म्हणाला, "पुन्हा एकदा लावा न जी, मी मांगून आलो."

मला जीपकडे धाडलं होतं. मंगेश टपावर बोचकी बांधत होता. सुनीता खाली उभी, खांद्यावर बोचकं, काखेत कोंबडा. गावात ठेवला तर कोणी कापेल आणि आळ मात्र आपल्यावर राहील, म्हणून ती तो तेलंगणात नेत होती. मी काही समजावत बसलो नाही. हाताला धरून दोघांना आणलं. गर्दीनं वाट दिली. टीव्हीतून आवाज आला, "सोड मंग्या!" आणि मंगेश दचकून तिथंच थांबला. चिखलात झोपणारा गडी तो. आवाजाची सवय हाडात.

"सांगतलं काऊन नाई बे?" सर म्हणाले.

"मले वाटे तुमाले आठवते जी."

"आठवत असतं तर इतके दिवस तुले..."  सरांनी उगाच शिट्टी तोंडाला लावली. फुस्स.

"तुमी चुकले असं मी कसं म्हनू जी?" मंगेश अंगठ्याकडेच पाहत म्हणाला. "तुमीच शिकवलं, गोलात असलं का मांगून आवाज आला तर आयकाचं."

 मग सुनीतानं कोंबडा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "पाहून घ्या! रस्सा नाई झाला! पिसं मोजून घ्या एकेकीनं!" कोंबड्यानं पंख फडफडवले, एक भाजीवाली मिरच्यांवर पडली, आणि गर्दी अशी हसली की शेजारच्या दुकानाची पाटी हलली. बोरिंगवरच्या बायांपैकी जिचं तोंड सगळ्यात मोठं होतं तिनंच पुढे होऊन सुनीताच्या खांद्यावरचं बोचकं घेतलं. "चाल व घरी. तिखट का कमी आहे आपल्या गावात?" मागे जीपवाला हॉर्न देत होता, देत राहिला, आणि कंटाळून गेला. टपावरचं एक बोचकं तेलंगणात पोचलं, असं म्हणतात. माणसं इथंच राहिली. मंगेशच्या आईनं त्या सांजेला चूल पेटवली तेव्हा धूर आमच्या घरापर्यंत आला, आणि मी जन्मात पहिल्यांदा धुराची तक्रार केली नाही.

पुढच्या मंडईला पुन्हा तीच फायनल, तेच नदीपलीकडचे. कवेलूवरचे हातमोजे खाली आले होते; एकात खारीनं संसार मांडला होता, तो हलवावा लागला. सरांचे गुडघे तोवर बोलायला लागले होते, आणि दुसऱ्याच दिवशी लेक त्यांना आणि इंदूबाईंना चंद्रपूरला कायमची नेणार होती. तरी सर गोलामागे, खांबाला चिकटून, हजर. फक्त तोंडावर दुपट्टा. डाकूसारखा नव्हे, चांगला गच्च, मागे दोन गाठी मारून. गाठी इंदूबाईंनी मारल्या होत्या, आणि इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करून मारल्या होत्या. सामनाभर त्या दुपट्ट्याआडून 'हुं! हुं!' येत राहिलं. मंगेश एकदा मागे वळून हसला आणि म्हणाला, "आयकू आलं नाई जी!"

शेवटी चेंडू पुन्हा त्याच खांबाकडे निघाला. सरांनी त्याच क्षणी पाठ फिरवली. ताजं पाहायचं नाही. मैदानावर एकच गलका उठला, ढोल वाजायला लागले, आणि सर भराभर घराकडे निघाले. वाटेत कवडूजींनी त्यांना अडवलं. जावयाच्या गुरूला रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यायचं! तसाच एक नवा लालबुंद कोंबडा सरांच्या काखेत आला.

माझ्या डोळ्यांपुढे सर उभे राहतात ते असे: तोंड बांधलेलं, एका काखेत कोंबडा, दुसऱ्या हाताचं बोट एका कानात, आणि हात उरला नाही म्हणून दुसरा कान खांद्यात दाबून धरलेला. नजर खाली, कोणाचे चेहरे दिसू नयेत म्हणून. नाचणाऱ्या लोकांमधून वाट काढत, वाकड्या मानेनं ते तुरुतुरु चालले होते, आणि लोक त्यांना पाहून मुद्दाम तोंडं मिटून बाजूला होत होते. मागून कोणीतरी ओरडलंच, "सर, कोंबड्यावर विकली का जी?" त्यावर त्यांचे खांदे हसताना हलले, पण ते थांबले नाहीत.

मंगेशनं चेंडू धरला की नाही, ते मी इथं लिहीत नाही. कॅसेट सरांनी चंद्रपूरला सोबत नेली आहे, पण लेकीच्या टीव्हीला ती लागत नाही असा परवा इंदूबाईंचा फोन होता. सामना अजून निवतो आहे.